खोलीच्या मापानं गिरणगाव : भायखळा ते वरळी, तीन दिवसांची पायपीट

गिरणगाव हे नाव महापालिकेच्या वॉर्डांच्या यादीत सापडत नाही. तरी दक्षिणेला भायखळा, उत्तरेला नायगाव, पूर्वेला शिवडी आणि पश्चिमेला वरळी एवढा पट्टा म्हणजे गिरणगाव, याबद्दल मुंबईकरांत फारसा वाद होत नाही. मधे चिंचपोकळी, काळाचौकी, लालबाग, करी रोड, परळ, डिलाईल रोड, लोअर परळ. पाहायला येणारे बहुतेक जण कापडगिरण्यांची धुराडी शोधत येतात. दोन-चार दिसतात, फोटो निघतात आणि दुपारपर्यंत ‘आता इथं काय राहिलंय’ म्हणत मंडळी परततात. धुराड्यावरून गिरणी कळते. वस्ती कळायची तर खोली मोजावी लागते. १०० चौरस फूट, १६०, २२५, ३००, ५०० या आकड्यांमागोमाग चालत गेलं की सव्वाशे वर्षांचा हिशेब हाती लागतो. ही पायपीट त्याच हिशेबानं आखली आहे.

आधी थोडी तयारी. पहिला दिवस बुधवारी धरू नका, राणीबाग आणि तिथलं संग्रहालय बुधवारी बंद असतं. गणपतीचे दहा दिवस टाळा. लालबागमध्ये त्या काळात माणूस चालत नाही, गर्दी त्याला नेते. पण गणपतीच्या आधीचा महिना उत्तम, कारण चिंचपोकळी-लालबाग-परळच्या मांडवांत मूर्तींचं काम चाललेलं असतं. मार्च ते मे मसाल्याचा हंगाम. तेव्हा उकाडा सोसवत असेल तर लालबागला तीच खरी वेळ. चाळीच्या बाहेरून फोटो काढायला कुणाची हरकत नसते. गॅलरीत पाय ठेवण्याआधी मात्र विचारायचं, कारण चाळीची गॅलरी म्हणजे तिथल्या प्रत्येक घराचा दिवाणखाना.

दिवस पहिला : भायखळा ते लालबाग

सकाळी दहाच्या सुमारास भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून राणीबागेत जावं. आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालचं. तिथले मुंबईचे जुने नकाशे आणि मातीच्या प्रतिकृती तासभर नीट पाहिल्या तर पुढचा रस्ता सोपा होतो. गिरण्या इथंच का आल्या, हा पहिला प्रश्न नकाशाच सोडवतो. शहर तेव्हा दक्षिणेला कोटाच्या आसपास संपत होतं. उत्तरेकडची ही जमीन सखल, शेताबागांची आणि स्वस्त. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे भायखळ्यावरून धावू लागली आणि पूर्वेला बंदर जवळ होतंच. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिथं सूत निघू लागलं. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईतल्या व्यापाऱ्यांच्या गाठीला पैसा बांधला गेला. त्यातला बराच सट्ट्यात बुडाला, पण गिरण्यांची हाव सुटली नाही. विसावं शतक उजाडताना मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या.

राणीबागेतून निघून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गानं उत्तरेकडे चालायला लागावं. लालबाग साधारण दोन किलोमीटर, रेंगाळत गेलं तर पाऊण तास. उड्डाणपुलामुळे रस्त्याचं आकाश झाकलंय, म्हणून पुलाखालून न जाता डाव्या-उजव्या गल्ल्यांत शिरत जावं. इथं दिसतात त्या खासगी मालकांच्या जुन्या चाळी. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे विटांची भर, बाहेरून लाकडी कठड्याची गॅलरी, मधोमध जिना, टोकाला सामाईक संडास. तळमजल्यावर दुकानं. खोली दहा बाय दहा, फार तर दहा बाय बारा. कोपऱ्यात मोरी आणि उंची पुरेशी असेल तर पोटमाळा. आपल्या मोजपट्टीवरचा हा पहिला आकडा, १०० चौरस फूट.

या खोलीत कुटुंब राहायचंच असं नाही. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर आणि जुन्नर-आंबेगावकडून आलेला गडी बायको-पोरं आणि शेत गावी ठेवून येई. गावकी मिळून एक खोली भाड्यानं घेई, तिला ‘गाळा’ किंवा ‘मंडळाची खोली’ म्हणत. दहा बाय बाराच्या खोलीवर वीस-पंचवीस नावं असत, कधी त्याहून जास्त. प्रत्येकाची भिंतीलगत एक ट्रंक, वर दोरीवर कपडे, बाकी जमीन सगळ्यांची. हे जमायचं ते पाळ्यांमुळे. सकाळी सातच्या पाळीचा माणूस बाहेर पडला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर पथारी टाकी. साडेतीनला पहिली पाळी सुटायला लागली की पुन्हा अदलाबदल. पावसाळ्यात गॅलरी आणि फुटपाथ दोन्ही ओले, त्यामुळे उन्हाळ्यात बाहेर झोपणारे आत येत आणि मग भांडणं होत. रविवार तर सगळ्यांचाच, म्हणून त्या दिवशी लोक भजनाला, आखाड्यात, कबड्डीच्या मैदानात किंवा नाटकाला जात. गिरणगावात एवढी भजनी मंडळं, व्यायामशाळा आणि नाट्यमंडळं का निघाली याचं अर्धं उत्तर खोलीत बसायला जागा नव्हती हे आहे. उरलेल्या अर्ध्याचं श्रेय कोकणातल्या नमन-दशावताराला द्यावं.

जेवण खानावळीत. खानावळवाली बहुधा याच चाळीतली एखादी बाई, अनेकदा विधवा किंवा नवऱ्याला बदलीचं, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरतं, काम मिळणारी. एवढ्याशा खोलीत दोन्ही वेळा दहा-पंधरा जणांची भाकरी थापायची आणि पैसे महिन्याच्या पगाराला. गिरणी बंद पडली की पहिला फटका तिला, कारण दुकानदाराची उधारी तिच्या नावावर असे. या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कामगार चळवळीच्या इतिहासात ही पानं फार थोडी असतात. खरं तर खानावळ नसती तर गाळा चाललाच नसता.

चाळी पाहताना कुठली मोडकळीला आली हेही ओळखता येतं. टोकाच्या संडासाखालची बाजू पाहावी. गळतीचं पाणी भिंतीत मुरतं, भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक आधी कुजतं आणि मग ती बाजू खचते. तिथं लोखंडी किंवा लाकडी टेकू दिसतील, भिंतीतून पिंपळ फुटलेला दिसेल. दुरुस्ती का होत नाही याचं कारण कायद्यात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडं १९४० च्या सुमाराच्या दरावर गोठलं. महिन्याला शंभर रुपयेही न देणाऱ्या खोलीसाठी मालक हजारोंचा खर्च करणार नाही, आणि भाडेकरू पागडी, म्हणजे खोली घेताना एकरकमी पैसे, मोजून आलेला, तो खोली सोडणार नाही. म्हणून १९६९ मध्ये सरकारनं दुरुस्ती मंडळ काढलं आणि इमारतींवर उपकर बसवला. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’, आणि सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’. ‘उपकरप्राप्त’ हा शब्द इथल्या पोरांच्याही तोंडी असतो, कारण पुनर्विकासात किमान ३०० चौरस फूट मिळण्याचा हक्क त्यावर ठरतो.

दुपारनंतर लालबाग. करी रोडच्या नाक्यावर भारतमाता सिनेमा, मराठी चित्रपटांचा हक्काचा पडदा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखला गेलेला. तिथून बाजारात शिरलं की नाकच रस्ता दाखवतं. मिरची गल्लीत ढिगांनी मिरची आणि मागे कांडपाचे डंके. इथं नुसतं बघू नये, करून पाहावं. घरगुती मसाल्याला एक किलो मिरची धरली तर पाऊण किलो बेडगी रंगासाठी आणि पाव किलो संकेश्वरी तिखटासाठी, असं सर्वसाधारण प्रमाण. धणे अर्धा किलो, बाकी खडा मसाला घराच्या चवीनं. देठ आधीच खुडून घ्यावेत. मिरची हाताला कडकडीत लागली तरच डंक्यावर द्यावी. ओलसर राहिली तर गोळे होतात आणि पावसाळ्यात बुरशी येते. खडे मसाले एकत्र भाजू नयेत, कारण खसखस जळून जाते तरी जाड खडे मसाले कच्चेच राहतात आणि मसाला कडवट होतो. डंक्यातून निघालेला मसाला गरम असतो. तो पसरून पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरायचा, नाहीतर आत वाफ धरते. पलीकडे चिवडा गल्ली आहे. ओळीनं चिवडा-फरसाणाची दुकानं, चव घेतल्याशिवाय कुणी घेत नाही.

लालबागच्या राजाची गोष्टही या बाजारातूनच सुरू होते, हे रांगेत उभ्या असलेल्या भक्तांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला आणि कोळणी-विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला. जागा मिळाली आणि सप्टेंबर १९३४ मध्ये गणपती बसला, तोही होडीवाल्या कोळ्याच्या वेषात. पहिला नवस असा बाजाराच्या गाळ्यांसाठी होता. गणेश गल्लीचा गणपती त्याहून जुना, १९२८ चा. चिंचपोकळीच्या मंडळाची सुरुवात १९२० ची. एवढ्या थोड्या जागेत एवढी मंडळं का, तर प्रत्येक मंडळामागे एक चाळींचा गट, एक व्यायामशाळा आणि वर्गणीची एक वही होती. मंडळ म्हणजे त्या वस्तीची वर्षभर चालणारी पंचायत. मूर्ती ही तिची दहा दिवसांची बाजू.

दिवस दुसरा : परळ

परळ स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं. पश्चिमेहून येणार असाल तर प्रभादेवीला उतरून रेल्वेच्या पादचारी पुलानं पलीकडे यावं. दोन्ही बाजू जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद केला. जुने नकाशे पाहून निघालेला माणूस इथं हमखास अडकतो.

परळ हे गिरण्यांच्या फार आधीचं गाव, सात बेटांतलं एक. बारादेवीला १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेली शिवमूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातली, अकरा-बारा फूट उंच, एकाच शिळेत कोरलेली. ती बहुधा कुलपाआड असते, त्यामुळे फक्त तिच्यासाठी हेलपाटा नको. पण हाफकिन संस्थेच्या वाटेवरच आहे. हाफकिनची वास्तू म्हणजे गव्हर्नरचा जुना वाडा. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग फुटला, वाल्डेमार हाफकिन यांनी लस शोधली आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा या वाड्यात आली. त्याच प्लेगच्या धसक्यानं १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे आणि हवा-उजेड असलेल्या चाळी बांधायच्या, हे ट्रस्टचं काम. लोकांच्या तोंडी त्या ‘बीआयटी चाळी’. पाडणं जोरात झालं, बांधणं त्या मानानं मंद. त्यामुळे हलवलेली माणसं आसपासच्या चाळींतच कोंबली गेली आणि दाटी नुसती जागा बदलून बसली.

पोयबावडीच्या बीआयटी चाळींसमोर उभं राहून दोन इमारतींमधलं अंतर पाहावं. ट्रस्टचा नियम साडेत्रेसष्ट अंशांचा. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या तळमजल्याच्या पायापर्यंत रेघ ओढली तर तिचा जमिनीशी कोन याहून जास्त नको. साध्या भाषेत, मधे जेवढी मोकळी जागा त्याच्या फार तर दुप्पट उंची. वीस फूट अंतर तर चाळीस फूट इमारत. तळमजल्यावर दिवसा दिवा लागू नये, एवढाच हेतू. हा नियम लक्षात ठेवा, उद्या वरळीत कामाला येईल.

यांतल्या १ नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत. १९१२ च्या सुमारास कुटुंब इथं आलं, आणि मधली परदेशातली वर्षं सोडली तर १९३० च्या दशकात ‘राजगृहा’त जाईपर्यंत पत्ता हाच होता. एका खोलीत संसार, दुसरीत अभ्यास. इथून दामोदर हॉल चालत काही मिनिटांवर. ९ मार्च १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभेची बैठक तिथं झाली आणि सभेचं काम उभं राहिलं. खोली ते सभागृह हे अंतर चालून पाहण्यासारखं आहे. चाळीत परवानगीशिवाय वर जाऊ नये.

दामोदर हॉल सोशल सर्व्हिस लीगचा. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये लीग काढली, कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली आणि १९२२ मध्ये हा हॉल उभा राहिला. कोकणातल्या नाट्यमंडळांना परवडणारं मुंबईतलं हे थिएटर. जुनं नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं आणि कलावंतांनी त्यावर आवाज उठवला. नमनाचा प्रयोग लावायला परळसारखी दुसरी जागा नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे. मोठ्या थिएटरच्या भाड्यात अशा मंडळाचा वर्षाचा खर्च निघतो.

गिरणीच्या आत काय चाले हे या टप्प्यावर समजून घेतलं पाहिजे, कारण वस्ती खात्यांप्रमाणे वाटली गेली होती. कापूस ब्लोरूममध्ये मोकळा होई, कार्डिंगमध्ये पिंजला जाई, मग फ्रेम, मग रिंगखात्यात सूत. पुढे वाइंडिंग, वार्पिंग, सूत खळ लावून कडक करणारं सायझिंग आणि शेवटी साच्यांवर, म्हणजे मागांवर, विणाई. विणाईखात्यात पगार सर्वांत चांगला आणि तिथं दलित कामगाराला प्रवेश नाही. कारण धोट्यात, म्हणजे मागावर सुताची कांडी इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यात, होतं. कांडीवरचं सूत संपलं की साचेवाला नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडानं ओढून काढी. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागणार, म्हणून ‘विटाळ’. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. संपवाल्यांनी सगळ्यांच्या हक्काचं बोलायचं तर या खात्याच्या दारापासून बोला, असा त्यांचा रोखठोक सवाल. धोट्यातून सूत तोंडानं ओढणं आरोग्यालाही वाईटच होतं. त्यात खात्याच्या खिडक्या बंद, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं. दमट हवेत कापसाचे तंतू छातीत जात आणि दमा-क्षय घेऊन माणूस गावी परते.

परळ-लालबागच्या चौकांतून चालताना तारखा जागोजाग भेटतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पुढच्या खटपटीतून १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. १९२८ च्या संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं कलापथक १९४४ पासून याच मैदानांत डफ वाजवत होतं, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही वस्ती सगळ्यांत पुढे होती. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले आणि शिवसेनेला विधानसभेत पहिली जागा मिळाली. वस्तीतला लाल रंग भगवा होत गेला तो या वळणावर. चाळी त्याच, व्यायामशाळा त्याच, नुसते फलक बदलले असं म्हणणं सोपं आहे. शिवसेनेची शाखा मात्र नळाच्या पाण्यापासून शाळाप्रवेशापर्यंतची कामं करू लागली होती, आणि युनियनला गिरणीच्या दाराबाहेर तेवढं लक्ष देता आलं नव्हतं.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागणी पगारवाढीची होतीच, पण कळीचा मुद्दा मान्यतेचा होता. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानं वाटाघाटीचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे दिलेला, त्यामुळे ज्याच्यामागे कामगार तो टेबलावर बसू शकत नव्हता. मालकांकडे साठून राहिलेलं कापड होतं, आणि नवं भिवंडीच्या मागांवर विणून घेता येत होतं. कामगार गावी परतले. घरच्या भाताच्या जिवावर काही महिने निघाले, दुसरा पावसाळा निघाला नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्रानं तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. तो विरत गेला.

संध्याकाळी केईएम रुग्णालयाच्या दारावरून परतावं. १९२६ चं हे रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. गेटसमोर फुटपाथवर महाराष्ट्रभरातले रुग्णांचे नातेवाईक मुक्कामाला दिसतात. गावाकडचा माणूस परळला उतरण्याचं कारण आता गिरणी नसून केईएम किंवा टाटा रुग्णालय आहे. काही ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या आजही या कामी येतात.

दिवस तिसरा : लोअर परळ, डिलाईल रोड, वरळी

करी रोडला उतरून डिलाईल पुलावरून पश्चिमेला जावं. २०१८ ते २०२३ हा पूल बंद होता, तेवढी वर्षं दोन्ही बाजूंची माणसं वळसे घालत होती. पुलावर थांबून छपरं पाहावीत. गिरणीच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांचं, काचेची बाजू उत्तरेला. सुतावर थेट ऊन पडू नये आणि दिवसभर सारखा उजेड मिळावा, यासाठी ती रचना. आता अशी छपरं मोजकी. रेस्टॉरंट, दिव्यांची दुकानं, छोट्या कचेऱ्या यांनी शेड वाटून घेतल्या आहेत. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण गेले. गच्चीवरचं तात्पुरतं छप्पर आणि बाहेर पडायच्या अरुंद वाटा, ही त्यामागची कारणं सगळ्यांना माहीत होती. फिनिक्सचं धुराडं मॉलच्या मधोमध जपून ठेवलंय.

जमिनीचं काय झालं ते एका उदाहरणानं कळतं. १९९१ च्या विकास नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम सांगत होता की गिरणीची जमीन विकायची तर ढोबळमानानं एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. समजा सहा हेक्टरची गिरणी. वाटा प्रत्येकी दोन हेक्टर. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची करायची ठरलं. शेड उभ्या असलेली जमीन मोजणीतून बाद. सहा हेक्टरांत मोकळी जागा ९० गुंठे निघाली, तर मैदानाला ३० गुंठे आणि घरांना ३० गुंठे. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बदल कायम केला. चार्ल्स कोरिया समितीनं १९९६ मध्ये सगळ्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडा सुचवला होता, तो कागदावरच राहिला. म्हणून आज प्रत्येक गिरणीचा तुकडा स्वतःपुरता वसला आहे. आत रुंद रस्ते, आणि फाटकाबाहेर तोच जुना ना. म. जोशी मार्ग.

म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर कामगारांसाठी इमारती उभ्या राहिल्या, पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये. खोली २२५ चौरस फूट. पात्रता १ जानेवारी १९८२ ला गिरणीच्या पटावर असलेल्यांची किंवा त्यांच्या वारसांची. पुरावा म्हणजे तिकीट क्रमांक, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, पगारपत्रक किंवा सेवा प्रमाणपत्र. अडतं ते इथंच. बदली कामगाराच्या नावचं तिकीट नव्हतं, नावं मस्टरवर एक आणि रेशनकार्डावर दुसरी, आणि वारस चार भावंडं असतील तर ना हरकत पत्रासाठी तीन जिल्ह्यांत हेलपाटे. अर्ज लाखाच्या पुढे आणि घरं काही हजार, हा हिशेब तर कधीच जुळणारा नव्हता.

ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींवरून पुढे वरळीला जावं, चालत अर्धा-पाऊण तास. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा केला आणि पन्नास हजार खोल्यांचं स्वप्न पाहिलं. बांधल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून दोनशेच्या वर इमारती, त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, इमारतीत ८०. मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं. खोली १६० चौरस फूट. भिंती आरसीसीच्या, खिळा ठोकायचा तर हात दुखतो. पण खोलीचं दार बोळात उघडतं, गॅलरी नाही. खासगी चाळीत गॅलरीतून हवा येई, इथं बोळ काळोखा. भाडं परवडेना, बाजार लांब, गिरणीही लांब. सुरुवातीला वरळीच्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारनं त्यांचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर केला, ही गोष्ट रहिवासी हसून सांगतात. पुढे याच वस्तीत दलित पँथरचं ठाणं होतं, आणि जानेवारी १९७४ मध्ये सभेवरून उसळलेली दंगल या बोळांत आठवडे धुमसली.

आता पुनर्विकास. १६० च्या बदल्यात ५०० चौरस फूट, मालकीनं. म्हाडाच्या या प्रकल्पात वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या चाव्या मिळाल्या. जागा तिपटीनं वाढली, संडास घरात आला, आणि हे मिळायलाच हवं होतं. काळोख्या बोळाचे गोडवे गाणाऱ्यांनी तिथल्या सामाईक संडासाच्या रांगेत एक पावसाळा काढावा. अडचण दुसरीकडे आहे. चार मजल्यांच्या चाळीला लिफ्ट नव्हती, जनरेटर नव्हता, पंप एखादाच. टॉवरला हे सगळं लागतं आणि त्याचा महिन्याचा खर्च जुन्या भाड्याच्या कैक पट. संक्रमण शिबिरात किंवा भाड्यानं गेलेली कुटुंबं परत येईपर्यंत शाळा, काम आणि शेजार बदललेला असतो. कालचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम इथं आठवा. चाळीसमजली इमारत म्हणजे साधारण ४०० फूट. ट्रस्टच्या हिशेबानं मधे २०० फूट मोकळं हवं. मोजायला पावलं पुरतात, एक पाऊल अडीच फूट धरलं तर ८० पावलं. दोन टॉवरांमधून चालून पाहा.

मंडळांचं काय होतं, हेही या नव्या इमारतींत विचारून घ्यावं. बहुतेक ठिकाणी गणपती पार्किंगच्या मजल्यावर किंवा आवारात बसतो. वर्गणीची वही आता विंगप्रमाणे निघते, चाळप्रमाणे नाही. व्यायामशाळेला जागा आराखड्यातच मागून घेतली असेल तर मिळते. नंतर मागितली तर सोसायटीच्या सभेत विषय अडकतो. जिथं पुनर्विकास अजून व्हायचा आहे तिथल्या मंडळांनी करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात असं जाणते सांगतात : मांडवाची जागा, व्यायामशाळेचं क्षेत्रफळ, वाचनालयाची खोली आणि त्यांच्या देखभालीचा खर्च कुणाकडे. तोंडी आश्वासनं विकासक बदलला की जातात.

परतीला वरळी नाक्याशी आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानक आहे. भुयारी मार्गानं सीएसएमटीला सरळ जाता येतं. वेळ उरला असेल तर मेट्रोऐवजी जांबोरी मैदानाच्या बाजूनं एक फेरी मारावी. संध्याकाळी सहानंतर तिथं कबड्डीचा सराव चालतो.